टीव्हीवरचे शेअर बाजाराचे धडाकेबाज कार्यक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागातून बिझनेस वाहिन्यांबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आमचे मत आधीच सांगतो. हे कार्यक्रम मन लावून बघण्यासारखे आहेत. मात्र बघण्याची मजा आणि ऑर्डर टाकण्याचा निर्णय वेगळे ठेवले, तरच ती मजा टिकते.

१. हे कार्यक्रम दिवसभर कसे चालतात? कुठला भाग सगळ्यात रंगतो?

सकाळी सात-साडेसातला सुरुवात होते. रात्री अमेरिकेचा बाजार कसा बंद झाला, गिफ्ट निफ्टी (गुजरातच्या गिफ्ट सिटीत चालणारे निफ्टीचे सौदे, सकाळचा अंदाज देणारे) कुठे आहे, आज कुठल्या कंपन्यांचे निकाल आहेत, हे सांगून होते. ९ वाजता प्री-ओपन सुरू होते. ९:०७ ते ९:०८ च्या दरम्यान ऑर्डर घेणे थांबते, उघडण्याचा भाव ठरतो आणि ९:१५ ला खरा बाजार सुरू होतो. पडद्यावर उलटी गिनती लागते तो हाच पाव तास, आणि रंगत सर्वांत जास्त इथेच असते.

दुपारी बाजार मंदावतो तेव्हा प्रेक्षकांचे फोन घेतले जातात. अडीचनंतर पुन्हा वेग येतो आणि ३:३० ला घंटा होते. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी (सौद्यांची मुदत संपण्याचा दिवस) मंगळवारी आणि सेन्सेक्सची गुरुवारी असते. त्या दोन दिवशी शेवटचा तास चुकवू नका.

२. माझ्याकडे एकही शेअर नाही. तरी दुकानात हेच लावलेलं असतं आणि बघत राहावंसं वाटतं. असं का?

कारण निकाल त्याच दिवशी लागतो. सकाळी साडेनऊला कुणी ठासून सांगितले की अमुक शेअर वर जाणार, तर साडेतीनपर्यंत कळते की तो माणूस बरोबर होता की नाही. दुसऱ्या कुठल्या चर्चेच्या कार्यक्रमात इतकी रोखठोक परीक्षा होत नाही. तीन पक्षांचे प्रवक्ते रोज भांडतात, पण संध्याकाळी कुणाला गुण मिळत नाहीत.

त्यात पात्रे ठरलेली असतात. एक कायम तेजीवाला, एक सावध म्हातारा, एक चार्टवर रेघा मारणारा, आणि सगळ्यांना पळवणारा निवेदक. महिनाभर बघितले की त्यांचे स्वभाव ओळखीचे होतात. शिवाय कुस्तीच्या मैदानात चांगला समालोचक डाव उलगडून सांगतो तेव्हा नवखा माणूसही रमतो, तसेच इथे आहे. चांगला निवेदक 'शॉर्ट कव्हरिंग' म्हणजे आधी विकून ठेवलेले शेअर परत घेणे, हे एका वाक्यात समजावतो आणि आपण आत ओढले जातो. यात लाजण्यासारखे काही नाही. ही कला आहे आणि ती अवघड आहे.

३. एवढं मोठ्यानं आणि घाईत का बोलतात?

बाजार रोज ३७५ मिनिटे चालतो. त्यातल्या बहुतेक मिनिटांत विशेष काही घडत नाही. निफ्टी चाळीस अंक वर, तीस अंक खाली करत राहतो. वाहिनीला मात्र प्रत्येक मिनिट भरायचे असते. म्हणून आवाज चढतो, 'सुनामी', 'रॉकेट' असे शब्द येतात, लाल-हिरव्या चौकटी लुकलुकतात, 'ब्रेकिंग'ची पट्टी हटत नाही.

एकदा दहा मिनिटे आवाज बंद करून फक्त निफ्टीचा आकडा बघा. दिवस खरोखर मोठा आहे की आवाज मोठा आहे, ते लगेच कळते. ३ जून २०२४ ला एक्झिट पोलनंतर सेन्सेक्स २,५०७ अंकांनी वर बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी मतमोजणीत ४,३८९ अंकांनी खाली आला. असे दिवस म्यूट करूनही अंगावर येतात. ते वर्षात मोजकेच असतात.

४. ही शैली आली कुठून?

बिझनेस वाहिन्या जुन्या आहेत. भारतात सीएनबीसी १९९९ च्या डिसेंबरपासून आहे आणि हिंदीतली सीएनबीसी आवाज ही वाहिनी २००५ पासून. पण बटणे दाबून आवाज काढायचे, आरडाओरडा करायचा, खुर्च्या फेकायच्या आणि प्रेक्षकाच्या फोनवर क्षणात 'घे' किंवा 'विक' सांगायचे, हा अवतार १४ मार्च २००५ ला अमेरिकेत सुरू झालेल्या 'मॅड मनी' या कार्यक्रमाने गाजवला. त्याचे निवेदक जिम क्रेमर आधी स्वतः हेज फंड (श्रीमंतांचे पैसे गुंतवणारा खासगी फंड) चालवत. त्यांच्या सल्ल्यांवर अभ्यासकांनी संशोधन केले. निष्कर्ष असा, की कार्यक्रमानंतर रातोरात भाव उडतो आणि पुढच्या काही महिन्यांत ती वाढ ओसरते.

क्रेमर यांच्या नेमके उलटे करून पैसे कमावू म्हणणारा एक ईटीएफही (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) मार्च २०२३ मध्ये निघाला. तो वर्षही पुरे न होता बंद झाला. डोळे मिटून उलटे करण्यातही काही हाती लागत नाही.

५. 'कॉल' (शेअर घ्या-विकाचा सल्ला) दिला म्हणजे नेमकं काय ऐकायचं?

सहा गोष्टी: शेअरचे नाव, कॅश (शेअरच घेणे) की फ्युचर (पुढच्या तारखेचा करार), खरेदीचा भाव, टार्गेट (नफा घेऊन विकायचा भाव), स्टॉपलॉस (तोटा थांबवायला विकायचा भाव) आणि मुदत. यातली मुदत सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. इंट्राडेचा (त्याच दिवशी विकायचा) कॉल डिलिव्हरी (शेअर खात्यात ठेवायचा) समजून घेतला आणि तीन महिने अडकलो, अशी पत्रे आम्हाला सर्वांत जास्त येतात.

गणित असे. खरेदी ५००, टार्गेट ५१५, स्टॉपलॉस ४९२. म्हणजे मिळाले तर १५, गेले तर ८. असे १०० पैकी ३५ कॉल बरोबर आले तरी खर्च सोडून हिशेब जुळतो. पण तुम्ही ऐकून, ॲप उघडून, घेईपर्यंत भाव ५०६ झाला तर मिळाले ९, गेले १४. आता जुळायला १०० पैकी ६१ बरोबर यावे लागतात. कॉल तोच, तज्ज्ञ तोच, पण तुमच्यासाठी तो आता वेगळाच सौदा आहे.

६. टीव्हीवर ऐकून मी घेतलं की भाव पडतो. मुद्दाम करतात काय?

बहुतेक वेळा नाही. तुम्ही रांगेत शेवटी असता. डिशवर चित्र काही सेकंद उशिरा येते आणि मोबाइलवरच्या थेट प्रक्षेपणात त्याहूनही जास्त उशीर असतो. सीएनबीसीवरच्या उल्लेखांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन अभ्यास सांगतो, की चांगल्या उल्लेखानंतर भाव काही सेकंदांत हलू लागतो आणि साधारण मिनिटभरात ती माहिती भावात मुरते. तुम्ही चहाचा कप खाली ठेवून फोन उचलेपर्यंत ते मिनिट संपलेले असते. त्या उडीत घेणाऱ्यांनाच आधीचे लोक विकतात.

तरीही मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला घेण्याची) टाकणारे असतातच. घ्यायचेच असेल तर लिमिट ऑर्डर टाका, तीही सांगितलेल्या खरेदीच्या भावालाच. नाही मिळाला तर सोडून द्या. मुद्दाम केलेल्या प्रकारांसाठी प्रश्न १० पाहा.

७. संध्याकाळी 'आमचे सगळे टार्गेट आले' असं दाखवतात. खोटं असतं काय?

आकडे बहुधा खरे असतात, निवड एकतर्फी असते. दिवसातला उच्चांक टार्गेटला क्षणभर शिवला की 'आलं' धरतात. आधी स्टॉपलॉस लागून गेला होता का, हे सांगत नाहीत. पाच पाहुण्यांनी वीस शेअर सांगितले तर बाजार चढत्या दिवशी काही ना काही चालणारच, आणि पडद्यावर येतात ते तेवढेच. दोन गटांच्या स्पर्धेत गुणफलक असतो तिथे थोडा प्रामाणिकपणा जास्त, कारण हरलेला कॉलही फलकावर राहतो. आम्हाला तोच प्रकार सर्वांत आवडतो.

८. मग एखादा तज्ज्ञ चांगला आहे हे तपासायचं कसं?

वही घाला. तारीख, वेळ, नाव, शेअर, खरेदी, टार्गेट, स्टॉपलॉस, मुदत आणि निकाल असे रकाने करा. नियम आधी ठरवा आणि मध्ये बदलू नका:

- खरेदीचा भाव म्हणून कॉलनंतर पाच मिनिटांनी जो भाव असेल तो लिहा.
- एकाच दिवशी टार्गेट आणि स्टॉपलॉस दोन्ही लागले आणि आधी काय लागले ते कळत नसेल, तर स्टॉपलॉस धरा.
- मुदत सांगितली नसेल तर कॉल 'अपूर्ण' म्हणून वेगळा ठेवा, पण मोजा.
- त्याच काळात निफ्टी किती हलला ते शेजारी लिहा.

एकाच माणसाचे निदान पन्नास कॉल झाल्याशिवाय मत बनवू नका. दहा कॉलमध्ये नशीबही हुशार दिसते. आणि वही घालताना कार्यक्रम बघण्याची गोडी कमी होत नाही, उलट वाढते, कारण आता तुमच्याकडेही गुणफलक असतो.

९. कार्यक्रमात फोन लावायचा आहे. काय विचारू?

तुम्हाला वीस-तीस सेकंद मिळतात. गाव, शेअरचे नाव, किती, कुठल्या भावाने आणि किती काळासाठी, एवढे कागदावर लिहून ठेवा. 'काय करू?' असे विचारण्यापेक्षा 'कुठल्या भावाखाली माझं मत बदलायला हवं?' असे विचारा. उत्तर आपोआप नेमके येते. समोरच्याला तुमचे कर्ज, वय, घरचा खर्च माहीत नसतो, म्हणून ते उत्तर सगळ्यांसाठीचे असते. पॅन, क्लायंट आयडी, मोबाइल नंबर थेट प्रक्षेपणात कधीही सांगू नका.

१०. पाहुणे तज्ज्ञ स्वतःच आधी शेअर घेऊन ठेवत नाहीत हे कशावरून?

नियम आहेत. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या २०१४ च्या रिसर्च ॲनालिस्ट नियमांनुसार शिफारस करणाऱ्याने नोंदणी आणि स्वतःचे हितसंबंध सांगायचे असतात. ज्या शेअरचा अहवाल प्रसिद्ध करतो, त्यात ३० दिवस आधीपासून ५ दिवस नंतरपर्यंत स्वतः व्यवहार करायचा नसतो. नोंदणी क्रमांक 'आयएनएच' या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत धावणारी पट्टी एकदा थांबवून वाचा.

नियम मोडल्याचे प्रकारही घडले आहेत. जानेवारी २०२१ मध्ये सेबीने एका हिंदी वाहिनीच्या निवेदकाविरुद्ध अंतरिम आदेश काढला. कार्यक्रमात सांगायचे शेअर घरच्यांच्या खात्यांत आदल्या दिवशी घेऊन दुसऱ्या दिवशी विकल्याचा तो आरोप होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या एका वाहिनीवरच्या पाहुण्यांच्या प्रकरणात, कॉल आधीच बाहेर पोचवल्याच्या आरोपावरून, ७.४१ कोटी रुपये गोठवण्याचा आदेश निघाला. खूण एकच लक्षात ठेवा: कॉल येण्याआधीच शेअर दीड-दोन टक्के चढलेला आणि व्हॉल्यूम (सौदे झालेल्या शेअरची संख्या) फुगलेला दिसला, तर हात लावू नका. तक्रार सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर करता येते. माहितीसाठी टोल-फ्री क्रमांक १८०० २६६ ७५७५.

११. आमच्याकडे ऊस आहे. साखरेच्या शेअरवर टीव्हीवाले बोलतात ते कितपत धरायचं?

या विषयात तुम्ही पाहुण्यांपेक्षा कमी नाही. कुठल्या कारखान्याचा गाळप हंगाम लवकर आटोपणार, तोडणीला टोळ्या आल्या की नाही, बिल किती आठवड्यांनी मिळते, हे मुंबईच्या स्टुडिओत उशिरा पोचते. पण शेअरचा भाव उसाच्या फडापेक्षा दिल्लीच्या आदेशावर जास्त हलतो. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि साखरेचे शेअर घसरले. आठवडाभरात १७ लाख टन साखर वळवायला मुभा मिळाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी ते निर्बंध उठले. बेळगावात नोंदणीकृत कार्यालय असलेली रेणुका शुगर्स असो की उत्तर प्रदेशातली कंपनी, त्या दिवशी सगळ्या एकत्रच हलल्या.

एक काळजी मात्र घ्या. ज्याचे उत्पन्न उसावर आहे त्याने बचतही साखरेच्या शेअरमध्ये घातली, तर एका आदेशात दोन्हीकडून फटका बसतो. निपाणी भागातल्या तंबाखू उत्पादकांनी बजेटच्या दिवशी सिगारेट कंपन्यांवरचे कॉल ऐकताना हेच ध्यानात ठेवावे.

१२. आम्ही गल्लीतले मित्र आपापसात शेअर निवडायची स्पर्धा लावतो. नियम कसे ठेवू?

प्रत्येकाने तीन शेअर आणि प्रत्येकामागे एका ओळीचे कारण लिहून द्यायचे. सुरुवातीचा भाव सोमवारी ९:३० चा, शेवटचा शुक्रवारच्या बंदचा. निफ्टीलाही एक खेळाडू धरा. बऱ्याच आठवड्यांत तो मधल्या फळीच्या वर असतो आणि ते बघणे बोधक असते. बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर) आला तर भाव जुळवून घ्या, नाहीतर १:१ बोनसच्या दिवशी कुणीतरी निम्म्यावर आला म्हणून भांडण होते.

पैसे लावू नका. भावावर आपापसात पैसे लावणे हा डब्यासारखाच (एक्स्चेंजबाहेरच्या छुप्या सौद्यासारखाच) बेकायदा सौदा होतो. शेअरच्या भावावर बक्षिसे देणाऱ्या ॲप आणि लीगविरुद्धही सेबीने २०१६ पासून इशारे दिले आहेत. हरणाऱ्याने सगळ्यांना चहा द्यावा, तेवढे पुरे.

१३. बाबा निवृत्त झाल्यापासून नऊ ते साडेतीन टीव्हीसमोर असतात आणि मधेच ऑर्डर टाकतात. त्यांना दुखवायचं नाही. काय करावं?

टीव्ही बंद करायला सांगू नका. तो त्यांच्या दिवसाचा आधार आहे आणि त्यात डोके चालू राहते. बंधन खात्यावर घाला, तेही त्यांच्याशी बोलून. ब्रोकरला सांगून फ्युचर-ऑप्शनचा (ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याचा हक्क) विभाग बंद करून घ्या. टीव्हीवरून घेण्यासाठी एक लहान रक्कम वेगळी ठेवा आणि ती संपली की पुढच्या तिमाहीपर्यंत भर घालायची नाही असे ठरवा. जुलै २०२४ पासून ग्राहकाला स्वतःहून ट्रेडिंग खाते तात्पुरते गोठवायची सोय ब्रोकरने द्यायची असते. नको त्या आठवड्यात ती वापरता येते. आणि त्यांच्या हातात प्रश्न ८ मधली वही द्या.

१४. टीव्हीवर सांगितलेला छोटा शेअर अप्पर सर्किटला गेला. ऑर्डर लागतच नाही. मग?

सर्किट म्हणजे त्या दिवसाची २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा. वरच्या सर्किटला विकणारा नसतो, म्हणून तुमची ऑर्डर नुसती रांगेत पडते. ती लागलीच, तर कुणीतरी बाहेर पडतो आहे असा त्याचा अर्थ. खालच्या सर्किटला उलट होते आणि स्टॉपलॉस लावूनही विकता येत नाही.

दुसरा सापळा ट्रेड-टू-ट्रेड शेअरचा, म्हणजे बीएसईवर टी गट आणि एनएसईवर बीई मालिका. यात इंट्राडे नाही आणि आज घेऊन उद्या विकण्याचा बीटीएसटीही चालत नाही. डिलिव्हरी खात्यात आल्यावरच विकायचे. साध्या शेअरच्या बीटीएसटीतही समोरच्याने डिलिव्हरी दिली नाही तर ऑक्शनचा (न मिळालेले शेअर लिलावातून घेण्याचा) भुर्दंड तुमच्यावर येऊ शकतो.

१५. पोझिशन (घेतलेला सौदा) चालू असताना हेस्कॉमची लाइट गेली आणि टीव्ही, वायफाय दोन्ही बंद. आता?

स्टॉपलॉस मनात नको, सिस्टिममध्ये हवा. खरेदी होताच लगेच टाका. तो एक्स्चेंजकडे असतो, तुमच्या लाइटवर अवलंबून नसतो. ब्रोकरचा फोनवर सौदा घेणारा नंबर आणि आपला क्लायंट आयडी कागदावर लिहून भिंतीला लावा. इंट्राडे पोझिशन तीननंतर ब्रोकर आपोआप कापतो, पण वेळ प्रत्येकाची वेगळी असते आणि काही जण त्याचे शुल्क घेतात.

१६. ऑप्शनचे कॉल सगळ्यात थरारक वाटतात. थोड्या पैशात होतं की!

थरार खरा आहे, म्हणूनच त्याला सर्वांत जास्त वेळ दिला जातो. पण सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेले आकडे वाचा: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमधल्या १०० वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ तोट्यात, सरासरी सुमारे २ लाख रुपये. कॅशमधल्या इंट्राडेतही २०२२-२३ मध्ये दहापैकी सात तोट्यात. एक्स्पायरीच्या दुपारी निफ्टी जागचा हलला नाही तरी प्रीमियम (ऑप्शनची किंमत) वितळत जातो, म्हणून दिशा बरोबर सांगणारा कॉलही पैसे घालवतो. बघा जरूर, घेऊ नका, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१७. फेसबुकवर त्याच निवेदकाचा व्हिडिओ आला, व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये या म्हणतोय. खरा आहे काय?

नाही, असेच धरून चाला. चेहरा आणि आवाज दोन्ही आता बनवता येतात. ग्रुपमध्ये आल्यावर ॲप प्ले स्टोअरबाहेरून घ्यायला लावतात, पैसे कुणा व्यक्तीच्या खात्यात भरायला सांगतात, पडद्यावर मोठा नफा दाखवतात आणि काढायला गेले की आधी 'टॅक्स' भरा म्हणतात. यातले एक दिसले तरी थांबा. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० ला फोन करा, नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यात तक्रार द्या. व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील सोबत ठेवा. उशीर होईल तसे पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकतात.

१८. १ नोव्हेंबरला इथे सुट्टी असते. बाजार आणि हे कार्यक्रम चालू असतात काय?

शनिवार-रविवार किंवा दिवाळीची सुट्टी त्या दिवशी आली नसेल तर हो. एक्स्चेंजच्या सुट्ट्या मुंबईच्या हिशेबाने ठरतात. म्हणून १ मे महाराष्ट्र दिनाला बाजार बंद, कर्नाटक राज्योत्सवाला चालू. मतदानाचेही तसेच: २०२४ च्या लोकसभेला बेळगाव आणि चिकोडीत ७ मे रोजी मतदान झाले तेव्हा बाजार चालू होता, आणि मुंबईत २० मे रोजी झाले तेव्हा बंद. बंदच्या दिवशी वाहिनीवर मुलाखती आणि जुने भाग लागतात. कोपऱ्यातली तारीख बघितल्याशिवाय त्यातला कॉल ताजा समजून दुसऱ्या दिवसासाठी ऑर्डर टाकून ठेवू नका.